स्वस्त तिकिटात काय नसते, तेही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की स्वस्त विमान तिकिटांच्या जाहिराती सुरू होतात. आकडा मोठ्या टाइपात, अटी तळाशी बारीक. या तिकिटांबद्दल ऐकू येणारी मतेही दोन टोकांची असतात. कोणी म्हणतो रेल्वेच्या भावात विमान मिळाले, कोणी म्हणतो नुसती लूट आहे. दोघांपैकी कोणाचेही ऐकले तरी प्रवाशाच्या हाती काही लागत नाही. हे तिकीट नेमके कशामुळे स्वस्त होते आणि त्या बदल्यात आपण काय सोडून देतो, हे एकदा सविस्तर छापून यावे, यासाठी हे पत्र. लांबले आहे, पण शक्य तर कापू नये.

आधी श्रेय द्यायला हवे. ऑगस्ट 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने सुरुवात केली, पुढे 2005 ते 2006 या काळात स्पाइसजेट, गो एअर, इंडिगो आल्या. पुण्याहून दिल्लीला जायला रेल्वेने एक अख्खा दिवस आणि रात्र मोडत असे, ते अंतर सव्वादोन तासांवर आणि मध्यमवर्गाच्या ऐपतीत आले ते या कंपन्यांमुळे. सुरक्षेत काटकसर होते हा समज तर साफ चुकीचा आहे. महाग आणि स्वस्त दोन्ही कंपन्यांना डीजीसीएचे, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, देखभालीचे नियम सारखेच लागू असतात. पैसा वाचतो तो दुसरीकडे. बहुतेक ताफा एकाच जातीच्या विमानांचा, म्हणजे वैमानिक, सुटे भाग, तंत्रज्ञ सगळे एकमेकांच्या जागी चालतात. एअरबसच्या ए320 या विमानात 180 ते 186 खुर्च्या बसवलेल्या असतात, दर 50 खुर्च्यांमागे एक कर्मचारी या हिशेबाने चार जणांत काम भागते. आणि विमान दिवसातले 12 तासांच्या आसपास हवेत ठेवले जाते, कारण जमिनीवर उभ्या विमानाचे भाडे कंपनीच्या खिशातून जात असते.

ही शेवटची गोष्ट समजली की पुढचे बहुतेक सगळे समजते.

विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ साधारण अर्ध्या तासाचा ठरवलेला असतो. त्या अर्ध्या तासात पुढच्या-मागच्या दारांनी प्रवासी उतरायचे, कर्मचाऱ्यांनीच खुर्च्यांमधला कचरा गोळा करायचा, खाली सामान उतरवून नवे चढवायचे, इंधन भरायचे आणि नवे 180 लोक बसवायचे. असे एकेक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करते. सकाळी दिल्लीला धुक्यात पहिली फेरी दीड तास अडकली, तर प्रत्येक थांब्यावर फार तर पाच-दहा मिनिटे भरून निघतात, बाकीचा उशीर दिवसभर पुढे सरकत राहतो. संध्याकाळी पुण्यात आभाळ स्वच्छ असते, विमान मात्र सव्वा तास उशिरा येते, आणि प्रवासी काउंटरवरच्या मुलीशी भांडत बसतो. तिचा त्यात काडीचा दोष नसतो.

यावरून तिकीट काढतानाच काही गोष्टी ठरवता येतात. मुंबई-पुण्याहून निघताना पहाटेची पहिली फेरी घ्यावी, तिचे विमान बहुधा रात्री तिथेच मुक्कामाला असते. दिल्ली, लखनौ, अमृतसरहून डिसेंबर-जानेवारीत परतताना मात्र उलटे करावे आणि दुपारी बारा ते चारमधली फेरी घ्यावी, तोवर धुके विरलेले असते. पावसाळ्यात मुंबईत रात्री उतरणारी शेवटची फेरी शक्यतो टाळावी, दिवसभराचा उशीर तिच्यावर साचतो. प्रवासाच्या दिवशी घरातून निघण्याआधी फ्लाइटरडार24 सारख्या ॲपवर आपल्या फेरीला येणारे विमान त्या क्षणी कुठे आहे ते पाहावे. ते अजून कोलकात्याहूनच सुटले नसेल तर पडद्यावर 'वेळेवर' लिहिलेले असले तरी वेळेवर निघणार नाही. पण म्हणून घरून उशिरा निघू नये. काउंटर मूळ वेळेच्या हिशेबानेच बंद होते: देशांतर्गत फेरीला बहुतेक कंपन्यांत 60 मिनिटे आधी काउंटर आणि 25 मिनिटे आधी गेट.

आता पैशांकडे वळू. तिकिटाच्या आकड्यात मूळ भाडे, इंधन अधिभार, विमानतळ वापर शुल्क, सुरक्षा शुल्क आणि इकॉनॉमीचा 5 टक्के जीएसटी एवढे असते. शेवटच्या पानावर त्यात 'कन्व्हिनियन्स फी' मिळवली जाते आणि ती दर माणशी, दर फेरी असते. ती 300 रुपये धरली तर चौघांच्या जाण्यायेण्याला 2,400 रुपये होतात. एका साइटवर तिकीट 200 रुपयांनी स्वस्त दिसले म्हणून तिथून काढणाऱ्याने हा गुणाकार आधी करावा. विमा, दानधर्म, 'लवकर बोर्डिंग' अशा चौकटीही तिथेच असतात. त्या आधीच टिक करून ठेवण्याला परवानगी नाही, तरी पैसे भरण्यापूर्वी यादी वरपासून खालपर्यंत एकदा वाचावी.

घरच्या चौघांचे तिकीट काढताना आणखी एक खुबी आहे. एका विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत विभागलेल्या असतात. सर्वात स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असतील आणि आपण चार मागितल्या, तर चारही जागा वरच्या भावाने दाखवल्या जातात. म्हणून आधी एकासाठी, मग चौघांसाठी शोधून दर माणशी भाव ताडून पाहावा. फरक मोठा असेल तर दोन पीएनआर करता येतात. मात्र बारा वर्षांखालील मूल असेल तर तोडू नये. आई किंवा वडील यांपैकी एकाच्या शेजारी मुलाला जागा द्या असे डीजीसीएने एप्रिल 2024 मध्ये कंपन्यांना बजावले आहे, पण ते एकाच पीएनआरसाठी. सामानाचे वजन एकत्र धरण्याची सवलतही सहसा पीएनआर एक असेल तरच मिळते.

मराठी प्रवासी बरेच पैसे सामानावरच घालवतो. देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण 15 किलो चेक-इन, म्हणजे काउंटरवर सोपवायचे, आणि 7 किलो हाती. हातातली बॅगही एकच, लांबी-रुंदी-उंची मिळून 115 सेंटिमीटर. आता फक्त हातच्या बॅगेपुरते तिकीटही विकले जाते. यादीत तेच सर्वात वर दिसते, आणि त्यात 15 किलो नसतात. दोन दिवसांच्या कामाला जाणाऱ्यासाठी ते उत्तम. मुलीकडे बंगळूरला डबे भरून निघालेल्या आईवडिलांनी ते घेतले तर काउंटरवर प्रत्येक किलोचे पैसे मोजावे लागतात आणि वाचलेले तिथेच जातात, वर आणखी पदरचे घालावे लागतात. जादा वजन लागणारच असेल तर वेबसाइटवर आधी घ्यावे, काउंटरपेक्षा स्वस्त पडते. रिकामी चाकांची बॅगच तीन-चार किलोंची असते हे लक्षात ठेवावे. हुकाला लटकवायचा वजनकाटा चारशे-पाचशे रुपयांत मिळतो आणि पहिल्याच फेरीत वसूल होतो. एका बॅगेत 32 किलोंहून जास्त भरू नये, पैसे भरायची तयारी असली तरी ती घेत नाहीत.

बॅगेत काय भरू नये तेही सांगितले पाहिजे. सुके खोबरे. तेलकट असल्याने ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून हाती किंवा चेक-इन कुठेच चालत नाही. हे कोणाला पटत नाही, आणि क्ष-किरण तपासणीत वाटी दिसली की मागून बोलावणे येते, बॅग उघडावी लागते, तोवर गेट बंद व्हायची वेळ येते. पॉवर बँकचे याच्या उलट: ती हातातच हवी, चेक-इनमध्ये टाकली तर बॅग अडते. मर्यादा 100 वॅट-तासांची. 20,000 एमएएचची पॉवर बँक 74 वॅट-तासांची असते, म्हणजे चालते, पण तिच्यावर आकडा छापलेला वाचता आला पाहिजे. लोणचे, तूप, काकवी चेक-इनमध्ये, बरणीचे झाकण चिकटपट्टीने बंद करून दोन पिशव्यांत.

आसनाचे पैसे बहुतेक वेळा वाचवता येतात. वेब चेक-इन करताना पडदा असा मांडलेला असतो की पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असे वाटते. तिथे आसन न निवडता पुढे जाण्याची वाट असते, फक्त ती लहान अक्षरांत असते. काउंटरवर बोर्डिंग पास छापून घेण्याचे वेगळे पैसे लावू नयेत, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. मागितले तर द्यायचे नाहीत.

कोणत्या विमानतळावरून, हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा महत्त्वाचा झाला आहे. गोव्यात दाबोळी आणि जानेवारी 2023 पासून मोपा, तिकिटावरचे संकेत अनुक्रमे जीओआय आणि जीओएक्स, मधले अंतर साठेक किलोमीटर. सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ल्याला जाणाऱ्याला पेडण्यातला मोपा सोयीचा. काणकोणला जाणाऱ्याने मोपाचे स्वस्त तिकीट घेतले तर टॅक्सीत तो फरक गिळला जातो. मुंबईतही सांताक्रूझचे टर्मिनल 1, सहारचे टर्मिनल 2 आणि 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई अशा तीन जागा आहेत. पनवेल, उरण, पुण्याच्या माणसाला नवी मुंबई जवळ, बोरिवलीकराला लांब. युरोपात गेलेल्यांनाही हाच धडा मिळतो: पॅरिस म्हणून विकले जाणारे बोव्हे शहरापासून 80 किलोमीटरहून दूर आहे.

यापेक्षा मोठा धोका दोन वेगळ्या तिकिटांचा. नागपूरहून मुंबईला एका कंपनीने स्वस्तात यायचे आणि तिथून दुसऱ्या कंपनीने अमेरिकेला जायचे, असे बेत घरोघर होतात. एकाच तिकिटावर दोन्ही फेऱ्या असतील तर पहिली चुकल्यास पुढची सोय कंपनीने करायची असते. तिकिटे वेगळी असतील तर पहिल्या कंपनीच्या लेखी आपण मुंबईपर्यंतचेच प्रवासी आणि दुसरीच्या लेखी गैरहजर. गैरहजेरीत सहसा परतीचे तिकीटही रद्द होते, हे अनेकांना माहीत नसते. शिवाय सामान मुंबईत पट्ट्यावरून उचलून दुसऱ्या टर्मिनलला न्यायचे आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे. असा बेत करायचाच असेल तर मध्ये आठ तास ठेवावेत, पावसाळ्यात किंवा धुक्याच्या दिवसांत आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. परदेशात मध्ये विमान बदलताना तिकिटे वेगळी असतील तर सामान घेण्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो.

हे सगळे एकाच शब्दाशी येऊन थांबते: सवड. स्वस्त तिकिटात सवड नसते. हाताशी मोकळे विमान नसते, जादा वैमानिक मोजकेच, दुसऱ्या कंपनीशी प्रवासी अदलाबदलीचा करार बहुधा नसतो. घडी नीट चालते तोवर ती फार छान चालते. डिसेंबर 2025 च्या पहिल्या आठवड्यात ती मोडली तेव्हा सगळ्या देशाने पाहिले. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम 1 नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले, आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर गेली, रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली. इंडिगोचे वेळापत्रक त्यात बसेना आणि 5 डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक फेऱ्या रद्द झाल्या. बाकीच्या कंपन्यांचे भाडे इतके चढले की 6 तारखेला सरकारला कमाल दर बांधून द्यावे लागले, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये ते 1,500 किलोमीटरच्या पुढे 18,000 रुपये. विश्रांतीचे नियम योग्यच होते. थकलेला वैमानिक कोणालाच नको. पण घडी इतकी घट्ट होती की तिला एवढाही ताण सोसला नाही.

लहान विमानतळांवर हे रोजचेच आहे. जिथे दिवसाला एक किंवा आठवड्याला तीन-चार फेऱ्या, तिथे एक रद्द झाली म्हणजे पुढची संधी उद्या-परवा. पावसाळ्यात ढग खाली उतरले की लहान धावपट्टीवर उतरणे नाकारले जाते आणि विमान दुसरीकडे वळते. तिथून निघणाऱ्याने रेल्वेचे किंवा बसचे पर्यायी तिकीट मनात ठेवूनच निघावे.

म्हणून निवड कामावरून करावी. सहल, नातेवाइकांकडे जाणे, एक दिवस इकडेतिकडे झाला तरी चालेल असे काम, यांना स्वस्त तिकीट जरूर घ्यावे, आनंदाने घ्यावे. परीक्षा, व्हिसाची मुलाखत, शस्त्रक्रियेची तारीख, लग्नाचा मुहूर्त, परदेशाची पुढची फेरी, यांना आदल्या दिवशी पोहोचावे आणि अशा मार्गाने जावे ज्यावर त्याच कंपनीची दिवसात तीन-चार विमाने आहेत. एक चुकले तर दुसऱ्यात बसवतात.

हक्कांची माहिती तर जवळपास कोणालाच नसते, आणि इथे आपल्या वृत्तपत्राची मदत खरोखर हवी आहे. सध्याच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांहून अधिक उशीर होणार असेल तर खाणेपिणे कंपनीने द्यायचे. सहा तासांहून अधिक उशीर असेल तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड प्रवाशाची. रात्री 8 ते पहाटे 3 मध्ये सुटणाऱ्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर मुक्कामाची सोय. फेरी रद्द झाल्याचे 24 तास आधीपर्यंत कळवले नाही तर पैसे किंवा पर्यायी फेरी, आणि वर भरपाई: एक तासापर्यंतच्या प्रवासाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000 रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. जागांपेक्षा जास्त तिकिटे विकली गेल्याने बसू दिले नाही आणि तासाभरात पर्यायी विमान दिले नाही, तर भरपाई कमाल 10,000 किंवा 20,000 रुपयांपर्यंत जाते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, दंगल, संप अशी हाताबाहेरची कारणे असतील तर भरपाई मिळत नाही. म्हणून तिथल्या तिथे कारण लेखी मागावे, निदान ईमेल किंवा एसएमएस. 'तांत्रिक' आणि 'हवामान' या दोन शब्दांत दहा हजारांचा फरक पडू शकतो.

यात एक मेख आहे. संपर्काचा तपशील नीट न दिलेल्या प्रवाशाला भरपाई नाही, असे नियमच म्हणतो. कोपऱ्यावरच्या एजंटाने किंवा भाच्याने स्वतःचा मोबाइल टाकून तिकीट काढले, तर रद्द झाल्याचा निरोप त्याच्या फोनवर जातो. तिकीट हाती आल्यावर पहिले काम म्हणजे कंपनीच्या वेबसाइटवर पीएनआर उघडून स्वतःचा नंबर आणि ईमेल घालणे. नावाचे स्पेलिंगही तेव्हाच आधारशी ताडून पाहावे. थेट कंपनीकडून तिकीट घेतले असेल तर 24 तासांत दाखवलेली चूक फुकट दुरुस्त होते. देशांतर्गत उड्डाण सात दिवसांहून दूर असेल तर तिकीट काढल्यापासून किमान 24 तास ते दंडाशिवाय रद्दही करता येते.

रद्द करण्याचा दंड मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त घेता येत नाही. 'नॉन-रिफंडेबल' तिकीट असो, सवलतीचे असो, की विमानच चुकलेले असो, वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत मिळालेच पाहिजे. हजारो लोक हे पैसे मागतच नाहीत, कारण पडद्यावर 'रिफंड शून्य' असे वाचून ते खिडकी बंद करतात. कंपनीच्या साइटवर 'कर परतावा' मागण्याचा अर्ज असतो, तो पीएनआर घालून भरावा. एजंटाने तिकीट काढले असले तरी परताव्याची अंतिम जबाबदारी विमान कंपनीचीच.

पैसे क्रेडिट कार्डाने भरावेत, असेही सुचवावेसे वाटते. गो फर्स्टची (आधीची गो एअर) उड्डाणे 3 मे 2023 पासून थांबली आणि जानेवारी 2025 मध्ये तिच्या अवसायनाचा, म्हणजे कंपनी मोडीत काढण्याचा, आदेश निघाला. आगाऊ तिकीट घेतलेला प्रवासी अशा वेळी कंपनीकडून पैसे येणे असलेल्यांच्या रांगेत शेवटी उभा असतो. कार्डाने पैसे दिलेले असतील तर न मिळालेल्या सेवेबद्दल बँकेकडे दावा तरी टाकता येतो.

तक्रारीची पायरी अशी: आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, सोबत पीएनआर, बोर्डिंग पासचा फोटो आणि खर्चाच्या पावत्या. मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. त्यानेही काम झाले नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. बॅग फुटली किंवा आली नाही तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर लेखी नोंद केल्याशिवाय बाहेर पडू नये. दारातून बाहेर पडलेल्याचा दावा फार लंगडा होतो.

आपल्याला विनंती दोन. स्वस्त तिकिटांची बातमी छापताना तिच्याखाली तीन गोष्टी छापाव्यात: सामान किती किलो, रद्द केल्यास किती कापतात, आणि विमानतळ कोणता. आणि पुणे, मुंबई, नवी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे चेक-इन काउंटरसमोर उशीर आणि रद्द फेरीचे हक्क मराठीत, लांबून वाचता येतील अशा अक्षरांत लावावेत, यासाठी आपण पाठपुरावा करावा. मजकूर वर दिलाच आहे. तो दहा ओळींच्या फलकावर मावतो.

आपला नम्र,
एक तिकीट व्यावसायिक, पुणे